गाईच्या आंबोणात मांस-हाडाचा कणही जाऊ नये म्हणून: पेंडीचं दुकान, मिक्सर आणि गोठा

भारतात गाईम्हशींमध्ये बीएसई, म्हणजे लोकांच्या तोंडचा ‘मॅड काऊ’ हा मेंदूचा जीवघेणा रोग, आजवर नोंदला गेलेला नाही. जागतिक पशुआरोग्य संघटनेने २०१० मध्ये आपल्या देशाला ‘नगण्य जोखीम’ गटात घातलं आणि तो दर्जा आपल्याकडे आहे. तरीही दूध धंद्यातल्या प्रत्येकाने हा विषय समजून घ्यायला हवा. या रोगाचा एक प्रकार बाहेरून काही न येताही, म्हाताऱ्या जनावरात आपोआप उद्भवतो. त्याला अनियमित बीएसई म्हणतात आणि तो साधारण आठ वर्षांपुढच्या जनावरांत आढळतो. ब्राझीलमध्ये २०२१ आणि २०२३ मध्ये सापडलेल्या केसेस याच प्रकारच्या होत्या. आपल्याकडे भाकड आणि म्हातारी जनावरं भरपूर आहेत. असं एखादं जनावर मेलं आणि पुरलं, तर विषय तिथेच संपतो. त्याची हाडं-मांस दळून दुसऱ्या गाईच्या खुराकात आली, तर तिथून साथ सुरू होऊ शकते. पहिली केस आपल्या हातात नसते, पण पुढची साखळी तोडणं पूर्णपणे आपल्या हातात असतं, आणि ती खाद्यातच तुटते.

किती कमी पुरतं

बीएसई ज्याच्यामुळे होतो तो प्रिऑन म्हणजे जंतू नव्हे. मेंदूतल्या नेहमीच्याच एका प्रथिनाची घडी बिघडते आणि ते बिघडलेलं प्रथिन शेजारच्या चांगल्या प्रथिनांनाही तसंच बिघडवत जातं. त्याला जीव नसल्यामुळे ते उकळून, वाळवून किंवा फिनाईल टाकून मरत नाही. फॉर्मेलिनने तर ते उलट पक्कं होतं. युरोपात मृत जनावरांचे अवशेष ५० मिलिमीटरपेक्षा लहान तुकडे करून १३३ अंश सेल्सिअसला, ३ बार दाबाखाली २० मिनिटं शिजवायचा नियम आहे. एवढं करूनही प्रिऑन घटतो, शंभर टक्के जात नाही. म्हणून ‘आमचा माल स्टरलाइज्ड आहे’ या वाक्यावर गाईचा खुराक ठरवू नये.

ब्रिटनमध्ये नोव्हेंबर १९८६ मध्ये रोग ओळखला गेला आणि जुलै १९८८ मध्ये रवंथ करणाऱ्या जनावरांना तशाच जनावरांचं प्रथिन खाऊ घालायला बंदी आली. १९९२ या एका वर्षात तिथे ३७ हजारांच्या आसपास केसेस झाल्या, एकूण आकडा १ लाख ८० हजारांच्या पुढे गेला. यातली सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट अशी की ४० हजारांहून अधिक आजारी गाई बंदीनंतर जन्मलेल्या होत्या. बंदी कागदावर होती, पण गिरण्यांमध्ये गाईचं खाद्य आणि मांस-हाडाची भुकटी घातलेलं कोंबडी-डुकरांचं खाद्य एकाच यंत्रावर तयार होत होतं. प्रयोगात आजारी गाईच्या मेंदूचा १ मिलिग्रॅम तोंडावाटे दिलेल्या १५ जनावरांपैकी एकाला रोग झाला. १ मिलिग्रॅम म्हणजे मिठाच्या काही कणांएवढा.

आता आपल्याकडचा हिशोब करू. ५०० किलोच्या मिक्सरमध्ये आधी कोंबडीखाद्य काढलं, त्यात ५ टक्के मांस-हाडाची भुकटी होती. माल उतरवल्यावर पात्यांना, तळाला आणि कोपऱ्यांत २ किलो चिकटून राहिलं. म्हणजे १०० ग्रॅम भुकटी गाईच्या पुढच्या ५०० किलोंत गेली. दिवसाला ५ किलो आंबोण खाणाऱ्या गाईच्या पोटात १ ग्रॅम भुकटी पडली. ही भुकटी निर्धोक असेलही, आज तर बहुधा असेलच. पण ती कुठल्या जनावराची, हे त्या गिरणीवाल्याला सांगता येत नाही आणि आपल्याला तपासता येत नाही.

कायदा काय म्हणतो आणि फट कुठे आहे

अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने डिसेंबर २०१९ मध्ये काढलेल्या आदेशानुसार दूध आणि मांस देणाऱ्या जनावरांना गोवंशीय किंवा डुकराचं मांस, हाडाची भुकटी, आतडी-काळीज असे अवयव, रक्ताची भुकटी घातलेलं खाद्य देता येत नाही. दूध आणि दुधाचे पदार्थ याला अपवाद आहेत. कोंबडी, डुक्कर आणि मासे मात्र या बंदीतून वगळलेले आहेत. म्हणजे कोंबडीखाद्यात अशी भुकटी असणं बेकायदा नाही, आणि एकाच दुकानात, एकाच टेम्पोत, एकाच शेडमध्ये दोन्ही खाद्यं शेजारी असतात. खरी फट ती आहे. युरोपने हीच फट बुजवायला १ जानेवारी २००१ पासून सगळ्याच पाळीव उत्पादक जनावरांच्या खाद्यात असं प्रथिन बंद केलं होतं आणि कोंबडी-डुकरांपुरती थोडी ढील द्यायला पुढे वीस वर्षं घेतली.

खरेदी करताना

गोळीपेंडीच्या पोत्यावर भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह आणि आयएस २०५२ हा क्रमांक पाहावा. गाईम्हशींच्या संयुक्त खाद्याचं मानक तेच. पोत्याला शिवलेला कागद वाचावा: बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख, प्रथिन, स्निग्ध, तंतू आणि वाळू-सिलिका यांचे टक्के. कागदच नसलेलं, नुसतं ‘दूधवाढ स्पेशल’ असं छापलेलं पोतं कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नये.

प्रथिनाचा टक्का आणि भाव एकत्र पाहावेत. सोयाबीन डीओसी, म्हणजे तेल काढून उरलेली पेंड, महागलेली असताना कोणी २२ टक्के प्रथिनाचं खाद्य बाजारभावापेक्षा बरंच स्वस्त देत असेल, तर ते प्रथिन कुठून आलं हे विचारावं. बहुतेकदा उत्तर युरिया असतं. ती वेगळी फसवणूक आहे आणि जास्त झाल्यास विषबाधाही करते. पण मांस-हाडाच्या भुकटीत साधारण ४५ ते ५० टक्के प्रथिन आणि वर भरपूर कॅल्शियम-फॉस्फरस असतो. स्वस्त प्रथिनाच्या शोधातल्या माणसाला तिचा मोह पडतो तो याचमुळे.

खनिज मिश्रणाकडे लोक दुर्लक्ष करतात. त्यातलं डीसीपी, म्हणजे डायकॅल्शियम फॉस्फेट, दोन वाटांनी येतं: खडकातल्या फॉस्फेटपासून किंवा जिलेटिनच्या कारखान्यात हाडं आम्लात बुडवून. हाडापासूनचं डीसीपी प्रथिन आणि चरबीचा मागमूस नसेल तर सुरक्षित धरलं जातं, पण ‘मागमूस नाही’ हे गोठ्यात बसून कळत नाही. त्यामुळे खडकापासूनचं डीसीपी वापरल्याचं उत्पादकाकडून लेखी मागावं. घटकांत ‘बोन मील’, ‘हाडाचा चुरा’, ‘स्टेरामील’ असं काही लिहिलेलं खनिज मिश्रण गाईसाठी नको.

वासरांच्या बाबतीत दुप्पट काटेकोर राहावं. ब्रिटनमधल्या बहुतेक गाईंना संसर्ग वयाच्या पहिल्या वर्षातच झाला होता, कारण वासरांच्या खुराकात ही भुकटी होती. रोग मात्र सरासरी पाच वर्षांनी दिसला. दुधाला पर्याय म्हणून मिळणाऱ्या पावडरमध्ये चरबी कुठली आहे ते वाचावं. वनस्पतीजन्य असेल तर ठीक, नुसतं ‘ॲनिमल फॅट’ किंवा ‘प्लाझ्मा’ (रक्तातला द्रव भाग) असेल तर परत करावी. वासरांच्या खुराकात काही ठिकाणी मासळी कुटी घालतात. सुटी मासळी कुटी वजन वाढवायला भेसळ केलेली असू शकते, म्हणून ती टाळलेली बरी. सोयाबीन डीओसीने काम भागतं.

घरचं आंबोण

सर्वांत खात्रीचा मार्ग हाच. १०० किलोंसाठी: मका भरडा ३० किलो, सरकी पेंड २५, सोयाबीन डीओसी १७, गव्हाचा कोंडा १७, तूर किंवा हरभरा चुनी ८, खनिज मिश्रण २ आणि मीठ १ किलो. यात प्रथिन १९ टक्क्यांच्या आसपास बसतं, प्राणिज काहीही न घालता. सरकी आणि मक्याला बुरशी लवकर धरते, म्हणून दाताखाली कडक वाजणारा मकाच घ्यावा आणि पावसाळ्यात पंधरा दिवसांपुरतंच मिसळावं. मीठ आणि खनिज मिश्रण आधी ५ किलो कोंड्यात कालवून मग बाकीच्यात टाकावं, नाहीतर एका गाईला सगळं आणि दुसरीला काहीच नाही असं होतं.

मका भरडून आणताना गिरणीवाल्याला एकच विचारायचं: या यंत्रावर सुकी मासळी, हाडं किंवा कोंबडीखाद्य दळता का? ‘कधी कधी’ असं उत्तर आलं तर गिरणी बदलावी.

मिक्सर एकच असेल तर

खाद्याचा छोटा व्यवसाय करणाऱ्यांसाठी हा भाग महत्त्वाचा. खरं उत्तर वेगळी लाइन हेच आहे. ती परवडत नसेल तर कोंबडीखाद्यातूनही मांस-हाडाची भुकटी पूर्ण काढून टाकावी, म्हणजे प्रश्नच मिटतो. आमच्या मते छोट्या युनिटला दुसरा मार्गच झेपतो. साफसफाईवर भरवसा ठेवून दोन्ही चालवणं कागदावर सोपं आणि रात्रपाळीत अशक्य असतं.

तरीही जे चालवतात त्यांनी निदान एवढं करावं. आठवड्याचा क्रम ठरवावा: आधी गाईम्हशी-शेळ्यांचं खाद्य, शेवटी कोंबड्यांचं, आणि पुन्हा गाईच्या खाद्याकडे येण्याआधी पूर्ण सफाई. सफाई कोरडीच करावी. पाणी मारलं की भुकटीचा लगदा होऊन पात्यांच्या मुळाशी बसतो, वाळतो आणि नंतर तुकड्या-तुकड्याने सुटतो. वीज तोडून, मुख्य स्विचला कुलूप लावून झाकणं उघडावीत आणि ब्रश व व्हॅक्यूमने झाडावं. माल लपतो त्या जागा ठरलेल्या आहेत: हॅमर मिलच्या चाळणीमागे, स्क्रू कन्व्हेयरच्या शेवटच्या वितीत, बकेट एलिव्हेटरच्या तळच्या पेटीत, धूळ पकडणाऱ्या पिशव्यांत. एलिव्हेटरची तळपेटी उघडली नसेल तर सफाई झाली असं समजू नये, तिथे किलो-किलोने माल साचतो. धूळपिशव्यांतली धूळ ‘वाया कशाला’ म्हणून पुढच्या बॅचमध्ये टाकण्याची सवय मोडावी.

त्यानंतर मिक्सरच्या क्षमतेच्या १० टक्के, म्हणजे ५०० किलोला ५० किलो, मका भरडा पूर्ण मार्गातून फिरवून काढावा. तो भरडा कोंबड्यांनाच जावा आणि त्याच्या पोत्यावर तसं ठळक लिहावं. फिरवलेल्या भरड्याचा रंग अजूनही तपकिरी असेल किंवा वास मारत असेल तर पुन्हा ५० किलो फिरवावेत. तारीख, वेळ, किती किलो, कोणी केलं, हे वहीत लगेच लिहावं. या सगळ्याने शिल्लक माल घटतो, शून्य होत नाही.

बारदान हा उरलेला चोर. कोंबडीखाद्याची, मासळी कुटीची किंवा बोनमील खताची रिकामी पोती झटकून पेंड भरायला वापरली जातात. वापरलेली पोती गाईच्या खाद्याला नकोतच.

गोठ्यात नेमकं काय चुकतं

गावाकडे ब्रॉयलर (मांसाच्या) किंवा लेअर (अंड्यांच्या) कोंबड्यांचं शेड आणि गोठा एकाच वाड्यात असतात. बॅच निघाल्यावर उरलेलं अर्धं पोतं कोंबडीखाद्य गाईच्या गव्हाणीत ओतलं जातं. दूध थोडं वाढतं म्हणून सवय लागते. हे पूर्ण बंद करावं. दोन्ही खाद्यांसाठी घमेलं वेगळं ठेवावं आणि गाईच्या घमेल्याला रंगाचा पट्टा मारावा, म्हणजे गडीमाणूस बदलला तरी चूक होत नाही. पोती वेगळ्या खोलीत, ती नसेल तर निदान वेगळ्या भिंतीला. कोंबड्यांचं पोतं गाईच्या पोत्यावर थप्पीला नको, फाटलं की वरचं खाली झिरपतं.

कोंबडीखतात सांडलेलं खाद्य असतं. ते गाईला खाऊ घालू नये. त्यातल्या मेलेल्या कोंबड्यांमुळे बोट्युलिझम होऊन जनावर लुळं पडतं, ते प्रिऑनपेक्षा कितीतरी लवकर. रानात टाकलं तर नांगरून मातीआड करावं. बोनमील खत टाकलेल्या जागी युरोपात किमान २१ दिवस जनावर चरायला सोडत नाहीत, आपणही तेवढं पाळावं. हळद, द्राक्ष, गुलाब किंवा नर्सरीसाठी आणलेलं हाडखताचं पोतं आणि पेंड एका छपराखाली नको. मोकळी सुटलेली गाय हाडखत आवडीने चाटते.

शहराजवळच्या तबेल्यांत हॉटेलचं खरकटं येतं. त्यात हाडं, मटणाचा रस्सा, सगळं असतं. फक्त भाजीचे देठ, पालेभाज्यांचा कचरा आणि कोरड्या पोळ्या वेगळ्या मिळत असतील तरच घ्यावं, एका पिंपातलं मिश्र खरकटं मुळीच नाही. कुत्र्याचं उरलेलं तयार खाद्यही गव्हाणीत जाऊ नये.

आणि गाय माळावर हाडं चघळताना दिसली तर ती फॉस्फरसची कमतरता आहे. मारून हाकलण्यापेक्षा रोज ५० ग्रॅम चांगलं खनिज मिश्रण सुरू करावं आणि माळावरची हाडं गोळा करून पुरावीत.

नमुना ठेवणं आणि तपासणं

रोग दिसायला चार-पाच वर्षं लागतात, म्हणून कागद गाय असेपर्यंत ठेवावेत. प्रत्येक लॉटचं लेबल कापून वहीत चिकटवावं, शेजारी पावती क्रमांक आणि कुठल्या वासरांना दिलं ते लिहावं.

संशय असलेल्या लॉटमधून नमुना काढताना एकाच पोत्याचं तोंड सोडून वरचं मूठभर घेऊ नये. जड कण तळाशी बसतात. दहा पोती निवडून नमुन्याची नळी तिरपी तळापर्यंत खुपसावी. सगळं स्वच्छ प्लास्टिकवर मिसळून चार ढीग करावेत, समोरासमोरचे दोन ठेवावेत, दोन परत घालावेत. सुमारे १ किलो उरेपर्यंत हे करावं. मग ५०० ग्रॅमच्या दोन पिशव्या सीलबंद करून दोघांच्या सह्या घ्याव्यात. एक प्रयोगशाळेला, एक आपल्याकडे.

प्रयोगशाळेकडे दोन गोष्टी मागाव्यात. पहिली, सूक्ष्मदर्शीखालची प्राणिज घटकांची तपासणी: खाद्य जड द्रावकात टाकलं की पेंड-कोंडा तरंगतो आणि हाडाचे कण तळाशी जातात, त्यांतली बारीक छिद्रं ओळखून ते मासळीचे की जमिनीवरच्या प्राण्याचे हे सांगता येतं. दुसरी, रवंथ करणाऱ्या प्राण्याचा डीएनए शोधणारी पीसीआर चाचणी. फक्त पीसीआरवर निकाल लावू नये, कारण खाद्यात दूध पावडर असेल तरी ती पॉझिटिव्ह येते. हाड सापडलं आणि पीसीआरही पॉझिटिव्ह आली, तर प्रकरण गंभीर आहे. खाद्यात प्रिऑन आहे का, याची नेहमीची चाचणी नाही. आपण शोधतो ते त्याचं वाहन. घरी वास घेऊन, जाळून किंवा पाण्यात टाकून केलेल्या परीक्षेवर विसंबू नये, तळाशी बसणारे कण चुनखडीचेही असतात.

जनावर विचित्र वागू लागलं तर

खाद्यातून बीएसई लागलेली गाय बहुधा चार ते सहा वर्षांची असते. शांत गाय धार काढताना लाथा झाडू लागते, दारातून जायला बिचकते, खाणं असूनही खंगते, दूध उतरतं, मागचे पाय लटपटतात. टाळी वाजवली, पत्रा आपटला, मानेला काठीचं टोक लावलं की दचकते. निरोगी गाय एक-दोनदा दचकून सरावते, ही प्रत्येक वेळी तितकीच दचकते. हे आठवडे-महिने वाढत जातं, ताप नसतो.

पण आपल्याकडे अशी गाय दिसली की पहिला संशय रेबीजचा घ्यायचा. तोंडात हात घालायचा नाही, घशात काही अडकलंय का ते चाचपायचं नाही, तिचं दूध वापरायचं नाही, आणि लाळ लागली असेल तर त्याच दिवशी दवाखान्यात जायचं. रेबीजचं जनावर साधारण दहा दिवसांत जातं. व्यायल्यावर दोन-तीन दिवसांतली गाय लटपटत असेल तर दुधी ताप, कॅल्शियम दिल्यावर काही तासांत उठते. विण्यानंतरच्या पहिल्या आठवड्यांत चाटत सुटते आणि श्वासाला गोडसर वास येतो तो किटोसिस. खराब मुरघास खाऊन गोल फिरते, एका बाजूचा कान आणि ओठ लोंबतो, तो लिस्टेरिओसिस. या सगळ्यांवर उपचार किंवा किमान निदान लवकर होतं, म्हणून १९६२ वर फोन करून डॉक्टरांना बोलावणं हेच पहिलं पाऊल.

बीएसई आणि मेंढ्यांमधला तसाच प्रिऑनचा रोग स्क्रेपी हे दोन्ही २००९ च्या जनावरांतील संसर्गजन्य रोग प्रतिबंध कायद्याच्या यादीत आहेत. संशय आला की मालकाने ग्रामपंचायत किंवा पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवणं बंधनकारक आहे. जिवंतपणी खात्रीची चाचणी नाही. जनावर मेल्यावर मेंदूच्या देठाचा तुकडा, कवटी न फोडता मानेकडच्या छिद्रातून, डॉक्टर काढतात. उन्हाळ्यात मेंदू काही तासांत विरघळू लागतो, म्हणून लगेच कळवावं आणि शव सावलीत ठेवावं. महाराष्ट्रात पुढची दिशा पुण्यात औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडून मिळते.

निकाल येईपर्यंत ते जनावर कातडं-हाडं नेणाऱ्याला देऊ नये. डॉक्टर सांगतील तिथे, विहीर-ओढ्यापासून लांब खोल खड्ड्यात पुरावं. चुना टाकावा, तो इतर जंतूंसाठी आणि कुत्र्यांनी उकरू नये म्हणून उपयोगी आहे, प्रिऑन त्याने जात नाही. वापरलेल्या सुऱ्या ५ टक्क्यांच्या ताज्या ब्लीचचे २ भाग आणि पाण्याचे ३ भाग या द्रावणात तासभर पूर्ण बुडवून ठेवाव्यात. त्यात संडास साफ करायचं ॲसिड चुकूनही मिसळू नये, विषारी वायू निघतो.

मेंढपाळांसाठी एवढंच वेगळं: स्क्रेपी खाद्यापेक्षा विताना जास्त पसरतो. हिमालयाच्या पायथ्याशी कुमाऊंकडच्या मेंढ्यांत तो आढळल्याची नोंद १९६१ ची आहे. मेंढी वर्षानुवर्षं खुंटाला अंग घासते, लोकर जाते, खरजेचं औषध देऊनही थांबत नाही आणि मग पाय लटपटतात, तेव्हा संशय घ्यावा. विल्यावर पडणारी वार कळपात राहू न देता लगेच पुरावी, आणि तिकडचा नर आणताना त्याच्या कळपाची चौकशी करावी.

गाईचं दूध या रोगासाठी सुरक्षित मानलं जातं, त्याची भीती घालून घ्यायची गरज नाही. माणसाला धोका झाला तो मेंदू, मज्जारज्जू आणि आतड्याचा भाग खाण्यात आल्यामुळे. ब्रिटनमध्ये त्याने १७८ जणांना नव्या प्रकारचा क्रॉयट्झफेल्ट-याकोब रोग, म्हणजे माणसातला तसाच मेंदूचा जीवघेणा रोग, झाला. त्या साखळीची पहिली कडी वासरांच्या खुराकाचं पोतं होती.